छिन्नमनस्कतेवरील औषधे : गुण किती, उणीव किती?



या व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे संघटनेचे काम केल्यामुळे तो विषय माझ्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु मीच त्यांना म्हटले की, यंदा मला एका आजारावर आणि त्याच्या औषधांवर बोलू द्या. त्यांनी साहजिकच विचारले, "आपण डॉक्टर नाही, मग हा अधिकार कोठून आणलात?" शंका रास्त आहे. माझे शालेय शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावरच थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि शब्दकोश उशाशी घेऊन. कोणाला कोणती गोळी द्यावी हे सांगण्याचा मला मुळीच अधिकार नाही. तो नसतानाही मी एकदा गाजवला, आणि त्याचे फळ दुसऱ्याने भोगले. म्हणूनच आज मी येथे उभा आहे.

१९९८ सालची गोष्ट. एका कारखान्यात आमची संघटना होती. तेथे एक टर्नर होता. वय तिशीचे, हात असा सफाईदार की नवशिके त्याच्या लेथपाशी उभे राहून काम बघत. हा माणूस हळूहळू अबोल झाला. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन एकटाच लांब बसू लागला. पुढे डबाही उघडेना. त्यात कोणीतरी काही कालवते असे म्हणू लागला. लेथच्या घरघरीतून फोरमन आपल्याला शिव्या देतो, अशी त्याची खात्री झाली. एके दिवशी यंत्र चालू ठेवून तो फाटकाबाहेर निघून गेला. चार्जशीट आले. मी ते वाचले आणि मनाशी निदान करून मोकळा झालो : दारू! त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते थेंबालाही शिवत नाहीत. रात्ररात्र भिंतीशी बोलतात."

दोन महिने देवऋषी आणि अंगारे-धुपारे यांत गेले. मग सरकारी दवाखान्यातील मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी सांगितले, हा स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या सुरू झाल्या. सहा आठवड्यांनी तो मला म्हणाला, "आवाज आहेत दादा, पण लांब गेलेत." अडीच महिन्यांनी तो कामावर आला. चार्जशीट मागे घ्यायला लावले म्हणून आम्ही पेढेसुद्धा वाटले.

आठ महिन्यांनी तो कचेरीत आला. त्याचे हात कापत होते. जीभ जड झाली होती. रात्रपाळीला डोळे मिटत होते. म्हणाला, "दादा, हात माझा राहिला नाही. या हाताने जॉब कसा लावू?" कुशल कामगाराचा हात जाणे म्हणजे काय, हे ज्याने ते पाहिले आहे त्यालाच कळेल. आणि मी मोठ्या पुढारीपणाने सांगितले, "अरे, आता चांगला बरा झालास. गोळ्या किती दिवस खाणार? सोड त्या." मी पुढारी, म्हणून त्याने ऐकले. चार महिन्यांनी तो घरातून निघून गेला. अकराव्या दिवशी दुसऱ्याच गावच्या रेल्वे फलाटावर उपाशी, अनवाणी सापडला. या खेपेस सुधारायला फार वेळ लागला, आणि पूर्वीइतका तो सुधारला नाहीच. वहिनींनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच अधिक बोचले.

त्यानंतर मी वाचू लागलो. आता मी जे सांगणार आहे ते त्या वाचनाचे सार आहे.

प्रथम आजाराविषयी. स्किझोफ्रेनिया हा शब्द स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरात आणला. आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो. या नावामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, एका देहात दोन माणसे वावरतात. तसे काही नाही. विचार, भावना आणि वास्तव यांची जी सांगड आपल्या मनात सहज जुळलेली असते ती येथे सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे तीनशे माणसांत एकाला हा आजार असतो. म्हणजे तीन लाख वस्तीच्या गावात हजारभर माणसे! तो बहुधा ऐन तारुण्यात, शिक्षण संपण्याच्या किंवा नोकरीला लागण्याच्या वयात सुरू होतो. आनुवंशिकतेचा त्यात मोठा भाग आहे. परंतु आईबापांच्या वळण लावण्यात खोट होती म्हणून तो होतो, ही समजूत आज टाकून दिलेली आहे. करणी आणि पूर्वकर्म यांविषयी तर बोलायलाच नको.

या आजाराची लक्षणे दोन प्रकारची असतात, आणि हा भेद आपण ध्यानात ठेवावा, कारण औषधाचा हिशेब पुढे त्यावरच करायचा आहे. एका प्रकारात नसलेले दिसते-ऐकू येते, नसलेला संशय खरा वाटतो. दुसऱ्या प्रकारात असलेले नाहीसे होते : उत्साह जातो, बोलणे आटते, माणसांत मन रमत नाही, अंघोळ करण्याचीही इच्छा उरत नाही. लोक पहिल्याला वेड म्हणतात आणि दुसऱ्याला आळस. दोन्ही आजारच आहेत.

१९५२ पूर्वी यावर काय उपाय होते? कोंडून ठेवणे हा मुख्य. १९३३ च्या सुमारास व्हिएन्नाच्या मानफ्रेड साकेल यांनी इन्सुलिन देऊन रोग्याला बेशुद्ध करण्याची पद्धत पुढे आणली. १९३५ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या पुढील भागाचे तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि १९४९ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले. आज ते वाचून अंगावर काटा येतो. पण त्या डॉक्टरांना केवळ क्रूर म्हणून भागणार नाही. त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते.

हाती काही आले ते अनपेक्षितपणे. १९५० च्या डिसेंबरात फ्रान्समधील रोन-पूलँक या कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल शार्पांतिए यांनी क्लोरप्रोमाझीन हे रसायन तयार केले. आरमारातील शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांनी ते शस्त्रक्रियेच्या वेळी वापरून पाहिले. रोगी बेशुद्ध होत नाही, पण आजूबाजूच्या गोष्टींविषयी निर्विकार होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-अॅन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिके यांनी ते मनोरुग्णांना दिले, आणि वर्षानुवर्षे आरडाओरडा ऐकू येणारे कक्ष शांत झाले.

या इतिहासात आपल्या देशाचाही वाटा आहे. सर्पगंधेची मुळी बिहारकडे 'पागल की दवा' म्हणून ओळखली जात असे. १९३१ मध्ये गणपती सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब यांवरील तिच्या गुणांविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचा अहवाल दिला. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि या आजारापुरते ते मागे पडले.

ही औषधे करतात काय? मेंदूतील पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. त्यांतील डोपामीन नावाच्या निरोप्याचे दार ही औषधे अडवतात. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९६३ मध्ये या दिशेने पहिला पुरावा दिला. नको त्या गोष्टीला अर्थ चिकटवण्याचा मेंदूचा सपाटा त्यामुळे मंदावतो, असे आज मानले जाते. पण हाच निरोप्या हातापायांच्या हालचालींचेही काम पाहतो. तेथील दार अडले की हात कापतो. माझ्या टर्नरचा हात का गेला, हे मला तेव्हा कळले.

आता मुख्य प्रश्न. औषधाला गुण येतो की नाही? आणि येतो तर किती? व्यवस्थापनाने उत्पादन वाढल्याचे आकडे पुढे टाकले की आम्ही एकच प्रश्न विचारतो : कशाच्या तुलनेत? येथेही तोच प्रश्न विचारायला हवा. आजार कधी कधी आपोआप उतरतो, आणि गोळी घेतली या भरवशानेही माणसाला बरे वाटते. म्हणून रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करतात. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण पोकळ गोळी देतात. आणि कोणाला कोणती मिळाली हे रोग्यालाही ठाऊक नसते, डॉक्टरलाही नसते. अशी मोठी चाचणी अमेरिकेत नऊ रुग्णालयांत घेऊन १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांत खऱ्या गोळीच्या गटाने पोकळ गोळीच्या गटाला स्पष्टपणे मागे टाकले.

तेव्हापासून साठ वर्षांत अशा शेकडो चाचण्या झाल्या. जर्मनीचे स्टेफान लॉइश्ट व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये १६७ चाचण्या एकत्र केल्या. त्यांत अठ्ठावीस हजारांवर रोगी होते. थोडी तरी सुधारणा झाली असे रोगी खऱ्या गोळीवर शंभरात ५१, पोकळ गोळीवर ३०. चांगली सुधारणा झालेले खऱ्या गोळीवर २३, पोकळ गोळीवर १४. हे आकडे ऐकून आपण निराश व्हाल. मीही झालो होतो. परंतु या चाचण्यांतील बहुतेक रोगी पुष्कळ वर्षांचे जुने होते. पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांचा हिशेब त्याच वर्षी वेगळा मांडला गेला : शंभरात ८१ जणांना थोडी तरी आणि ५२ जणांना चांगली सुधारणा. या दुसऱ्या हिशेबात पोकळ गोळीचा गट नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. तरीही तात्पर्य उघड आहे : उपचार लवकर मिळावा. आमच्या टर्नरचे दोन महिने देवऋषीपाशी गेले. पुष्कळांची वर्षे जातात.

आजार उतरल्यावर गोळी चालू ठेवावी की नाही? नेमका माझ्या अपराधाचा प्रश्न! याचे उत्तर २०१२ मध्ये याच मंडळींनी ६५ चाचण्यांवरून दिले. गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभराच्या आत शंभरात २७ जणांचा आजार उलटला. पोकळ गोळीवर गेलेल्यांपैकी ६४ जणांचा. सत्तावीस आणि चौसष्ट! हा फरक लहान नाही. वैद्यकातील पुष्कळ नावाजलेल्या औषधांनाही एवढा फरक दाखवता येत नाही. मी एका वाक्याने त्या माणसाला पहिल्या रांगेतून उठवून दुसऱ्या रांगेत नेऊन बसवले होते.

येथेच थांबलो तर मी औषध कंपन्यांचा प्रचारक ठरेन. दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ही औषधे आवाज आणि संशय यांवर चालतात; आटलेला उत्साह आणि तुटलेली माणसे परत आणण्यात ती कमी पडतात. शिवाय त्यांची किंमत शरीर मोजते. जुन्या औषधांनी अंग ताठते, हात कापतात, एका जागी बसवत नाही, आणि वर्षानुवर्षे घेतल्यावर काहींच्या तोंडाच्या व जिभेच्या हालचाली कायमच्या बिघडतात. नव्या औषधांनी हे कमी होते; पण त्यांतील काहींनी वजन भराभर वाढते आणि मधुमेह जडतो. अमेरिकेत सुमारे दीड हजार रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा अहवाल २००५ मध्ये आला. अठरा महिन्यांत शंभरात ७४ जणांनी दिलेले औषध सोडले किंवा बदलले. आणि पेरफेनाझीन हे जुने, स्वस्त औषध बहुतेक नव्या, महागड्या औषधांच्या बरोबरीने टिकले. हे चौऱ्याहत्तर जण सगळेच आडमुठे होते काय? माझ्या टर्नरसारखीच त्यांचीही तक्रार असणार, आणि ती खरी असणार.

काहींना पहिली दोन औषधे लागूच पडत नाहीत. त्यांच्यासाठी क्लोझापीन आहे. त्याची कथा उद्बोधक आहे. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते तयार झाले. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन आठ रोगी दगावले, आणि अनेक देशांनी ते बाजूला ठेवले. पण १९८८ मध्ये अमेरिकेत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रोग्यांवर ते पुन्हा तपासले गेले. क्लोरप्रोमाझीनने शंभरात ४ सुधारले, क्लोझापीनने ३०. तेव्हापासून नियमित रक्ततपासणी करून ते दिले जाते. धोका आहे म्हणून फेकून द्यायचे नाही आणि गुण आहे म्हणून डोळे मिटून घ्यायचे नाही. पहारा ठेवून वापरायचे. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत डोपामीनचे दार न अडवता दुसऱ्याच वाटेने काम करणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली. त्याची दीर्घकालीन परीक्षा अजून व्हायची आहे.

मग जन्मभर गोळी? याविषयी जाणत्यांतही वाद आहे, आणि तो आपल्यापासून लपवू नये. नेदरलँड्समध्ये पहिल्या आजारातून सावरलेल्यांच्या एका गटाची मात्रा सावकाश कमी केली. दोन वर्षांत त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण दुप्पट, शंभरात ४३, दिसले; पण २०१३ मध्ये, सात वर्षांनी पाहिले तर संसारात व कामात सावरलेले लोक त्याच गटात जास्त, ४० विरुद्ध १८, निघाले. उलट हाँगकाँगच्या चाचणीत, वर्षभर गोळी चालू ठेवलेल्यांपेक्षा लवकर थांबवलेल्यांची स्थिती दहा वर्षांनी वाईट आढळली. तो अहवाल २०१८ चा. या दोन्हींतून मी एवढेच घेतले : मात्रा कमी करण्याचा प्रश्न विचारणे हा रोग्याचा हक्क आहे, पण उत्तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने शोधायचे असते. पुढाऱ्याच्या टेबलापाशी नव्हे.

माझी चूक कोठे झाली ते आता आपल्या ध्यानी येईल. त्याची तक्रार ऐकली ही चूक नव्हती. तक्रार सोळा आणे खरी होती. मी त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन म्हणायला हवे होते, "डॉक्टरसाहेब, याचे पोट हातावर आहे, मात्रा कमी होईल का, औषध बदलता येईल का?" आणि व्यवस्थापनाला म्हणायला हवे होते, "याची रात्रपाळी बंद करा." ही दोन्ही कामे माझीच होती. ती न करता मी सोपे ते केले.

औषध हा पाया आहे, घर नव्हे. पाया नसेल तर काय होते हे देशाने पाहिले आहे : २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे आगीत २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण उपचाराच्या नावाखाली त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. आणि नुसता पायाच असेल तर काय होते हे अमेरिकेने पाहिले. १९५५ मध्ये तेथील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसे होती. १९८० पर्यंत ती दीड लाखाच्या आत आली. पण बाहेर त्यांच्यासाठी ना घर ना काम. कित्येक जण रस्त्यावर आले.

आपल्याकडे गोवा, तामिळनाडू आणि आपल्याच साताऱ्यात २८२ रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. नेहमीच्या उपचाराच्या जोडीला, गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी वर्षभर घरी जाऊन रोग्याशी आणि कुटुंबाशी संबंध ठेवला. ज्यांच्याकडे असा कार्यकर्ता जात होता त्यांची स्थिती इतरांपेक्षा अधिक सुधारली. फरक माफक होता; पण ते कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, आपल्यासारखीच माणसे होती.

आणि काम! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना कोणाला दिव्यांगत्व आले तर त्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही आरोग्यविमा देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. कामगार राज्य विमा योजनेतही दीर्घ आजारांच्या यादीत हा आजार आहे. पात्र कामगाराला नेहमीचे ९१ दिवस संपल्यावर दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. किती कामगारांना हे ठाऊक आहे? कामगारांचे सोडा, किती पुढाऱ्यांना ठाऊक आहे? १९९८ मध्ये मला ठाऊक नव्हते. खाजगी कारखान्यात नोकरीचे ते संरक्षण आपोआप मिळत नाही, म्हणून आजारातून उठलेल्याला हलके काम आणि दिवसपाळी, ही मागणी आम्ही आता प्रत्येक करारात घालतो. कधी मिळते, कधी नाही.

मंडळी, तो टर्नर आज कोठे आहे हे आपण विचाराल. लेथवर तो परत गेला नाही. दुसऱ्या आजारानंतर त्याचे औषध बदलले आणि हाताचा कंप पुष्कळ कमी झाला. पण व्यवस्थापनाचा भरवसा उडाला होता. पुष्कळ भांडून त्याला टूल-स्टोअरमध्ये घेतले. आजपर्यंत तो तेथेच आहे, आणि पुढच्या वर्षी निवृत्त होईल. मधे एकदा आजार उलटला. वहिनींनी वेळीच ओळखले आणि दहा दिवसांत सावरला. मागच्या दिवाळीत मी त्याला विचारले, "अजून आवाज येतात का रे?" म्हणाला, "कधी कधी येतात दादा. पण उठून त्यांच्या मागे जावे असे वाटत नाही." पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. घरी आहे, कामावर आहे, गोळी घेतो, आणि जड वाटली तर डॉक्टरांना तसे सांगतो.

आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी, कचेरीत असे माणूस असेल. आकड्यांकडे पाहिले तर असणारच. त्याने गोळी सोडतो म्हटले तर त्याला रागावू नका, आणि "सोड" असेही म्हणू नका. का सोडावीशी वाटते ते ऐका, आणि त्याच्याबरोबर दवाखान्याची पायरी चढा. एवढे मी वेळेवर केले असते तर आजचे हे व्याख्यान कामगार कायद्यावर झाले असते.